आधी ट्रस्ट तपास, मग वजनं वाट
नेटवर्क स्विचवर रांगांची वजनं, म्हणजे कुठल्या रांगेला किती बँडविड्थ, ठरवण्याआधी पोर्ट डीएससीपीवर (पॅकेटवर लिहिलेला प्राधान्याचा आकडा) ट्रस्ट ठेवतोय का ते बघ. नसेल तर सगळी पॅकेट्स डीफॉल्ट रांगेत पडतात आणि पुढची मेहनत वाया जाते. आरडीएमए (डेटा थेट दुसऱ्या सर्व्हरच्या मेमरीत नेणारी पद्धत) स्टोरेजसाठी डीएससीपी 26 रांग 3 ला जोड. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डवरही हेच आकडे हवेत. पीएफसी, म्हणजे रांग भरत आली की पाठवणाऱ्याला पॉज (थांबण्याचा संदेश) देणारी सोय, फक्त याच रांगेवर चालू कर. आठही रांगांवर लावलंस तर पॉज मागे मागे पसरतो आणि ज्यांचा काही संबंध नाही असे सर्व्हरही अडकतात. ईसीएनची, म्हणजे गर्दी होतेय हे सांगणारी पॅकेटवरची, खूण पीएफसीच्या मर्यादेआधीच लागली पाहिजे, नाहीतर सर्व्हरने वेग कमी करायच्या आत पॉज पाठवला जातो. स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (ही रांग नेहमी सगळ्यांच्या आधी) जपून दे: डीएससीपी 48 च्या सीएनपीसारख्या (पाठवणाऱ्याला गर्दी कळवणारी छोटी पॅकेट्स) हलक्या ट्रॅफिकलाच. जड डेटा तिथे गेला की खालच्या रांगा उपाशी. बाकीच्यांना डीडब्ल्यूआरआर, म्हणजे वजनानुसार आळीपाळीने वाटा, 50-50 ने सुरुवात. मग लोड टाकून रांगनिहाय ड्रॉप आणि पॉज काउंटर वाच.