'आवरत नाही' आणि 'आवरता येत नाही'

प्रश्न असा आला आहे: "धाकट्या बहिणीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असं लिहिलं आणि बोलताना 'इमोशनल डिसरेग्युलेशन' हा शब्द वापरला. आईला इंग्रजी येत नाही. शोधल्यावर 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' आणि 'भावनिक अनियमन' असे प्रतिशब्द मिळाले. पहिला ऐकून आई रडायला लागली, दुसरा तिला कळलाच नाही. घरात बोलता येईल असा मराठी शब्द आहे का?"

आहे, आणि तो तुमच्या आईंच्या तोंडात रोज असतो. तो क्रियापद आहे, त्यामुळे नामाला नाम शोधताना हाती लागला नाही. पण आधी आई का रडल्या ते बघू.

'विकार' हा मुळात साधा शब्द. वि आणि कृ, म्हणजे बदल, रूपांतर. पाणिनीचं 'तस्य विकारः' हे सूत्र एका द्रव्यापासून बनलेल्या दुसऱ्या वस्तूबद्दल आहे. सोन्याचा दागिना हा सोन्याचा विकार, दही हा दुधाचा. पुढे वैद्यकात तो रोग या अर्थाने आला आणि तिथेही सुखाने नांदला. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन' असं पेपरात येतं तेव्हा गेलेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल कुणी शंका घेत नाही. मनाशी जोडला की मात्र याच शब्दाला कीर्तनातले काम-क्रोधादी षड्विकार येऊन चिकटतात आणि त्याच धातूचा 'विकृत' शेजारी येऊन बसतो. त्याच्या आधी 'व्यक्तिमत्त्व' लावलं की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं: ही पोर माणूस म्हणूनच बिघडलेली आहे. डॉक्टरांना तसं म्हणायचं नसतं. पण आईंना ते तसंच ऐकू आलं असणार.

'सीमावर्ती' तर भाषांतर म्हणूनही लंगडं आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने बेळगाव-निपाणी उभं राहतं. मूळ इंग्रजी शब्दाची कथाही धड नाही. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये तो अशा रुग्णांसाठी वापरला, जे त्या काळच्या न्यूरोसिस (भान शाबूत, पण चिंता-भीतीचा त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भानच सुटणं) या दोन्ही खान्यांत बसत नव्हते. दोन खान्यांमधल्या रेघेवरचे, म्हणून बॉर्डरलाइन. खाने जुने झाले, ती मांडणीही मागे पडली, पण १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत शब्द मात्र कायमचा बसला. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात याच दुखण्याला 'भावनिकदृष्ट्या अस्थिर' म्हटलं होतं. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वाचे जुने प्रकार काढून त्रास सौम्य, मध्यम की तीव्र हे मुख्यतः बघायचं ठरलं. 'बॉर्डरलाइन' तिथे एक जोडशेरा म्हणून तेवढा उरला आहे.

आपल्याकडे या शब्दाची आणखी एक अडचण आहे. 'शुगर बॉर्डरलाइनवर आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा अर्थ असतो 'अजून झालेलं नाही, जरा जपा'. त्यामुळे काका-मामांना 'बॉर्डरलाइन' म्हणजे किरकोळ वाटतं, आणि त्याच घरात 'व्यक्तिमत्त्व विकार' ऐकून आईला आभाळ कोसळल्यासारखं होतं. केसपेपर एकच, तरी दोघांनाही खरं काही कळलेलं नसतं.

आता 'अनियमन'. नियमन वाहतुकीचं असतं, बाजाराचं असतं. शिवाय 'अ' लावला की नियमन नाहीच असा अर्थ होतो. मूळ शब्दातलं 'डिस' म्हणजे बिघडलेलं, कठीण, आणि गंमत अशी की ग्रीकमधला हा उपसर्ग आणि आपलं 'दुः' (दुर्गम, दुर्धर यांतलं) ही सख्खी भावंडं आहेत. म्हणून लेखात, पाठ्यपुस्तकात मी 'भावनांचं दुर्नियमन' म्हणेन. तो बरोबर शब्द आहे. पण आईला कुणी दुर्नियमन सांगत नाही.

हे काय असतं ते सांगायला मराठी कमी पडत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या त्रासाची तीन लक्षणं सांगितली आहेत: भावना चटकन उसळते, फार जोराने उसळते, आणि ओसरायला फार वेळ लागतो. 'ओसरणे' हे क्रियापद मुद्दाम बघा. पूर ओसरतो, ताप ओसरतो, राग ओसरतो. इतरांचा वीस मिनिटांत ओसरतो, तिचा संध्याकाळ खातो. आयुर्वेदात 'भावना देणे' म्हणजे चूर्ण एखाद्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून खलणं आणि वाळवणं. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात. या त्रासात माणूस असाच भिजतो, आणि पहिली भावना वाळायच्या आत दुसरी पडते.

लिनेहान यांची आणखी एक उपमा आहे: अंगभर भाजलेल्या माणसाला साधा स्पर्शही वेदना देतो, तसं या माणसांना भावनेवरची त्वचाच नसते. त्या हे पुस्तकातून बोलत नव्हत्या. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, त्यांनी घडवलेली उपचारपद्धती जगभर पोचून वर्षं लोटल्यावर. त्यांच्यासारख्या बाईलाही सांगायला इतका काळ लागला, यावरून या शिक्क्याचं वजन समजावं.

आता क्रियापद. आवरणे. संस्कृत 'आवृ' म्हणजे वेढणे, झाकणे, 'आवरण' त्यातलंच. मराठीत ते सगळ्या घरभर फिरतं: पसारा आवर, केस आवर, गुरं आवर, भाषण आवरतं घे, 'आवरलं का तुझं?' आणि राग आवर, रडू आवर. नकारात तर त्याची श्रीमंती बघण्यासारखी आहे.

'ती स्वतःला आवरत नाही.' इथे 'ती' कर्ता आहे. मनात आलं तर आवरेल, पण आवरत नाही. हे वाक्य दोष देतं.

'तिला रडू आवरत नाही.' इथे रडू स्वतःच आवरेनासं झालं आहे. तिच्या इच्छेबद्दल वाक्य काहीच बोलत नाही. 'अश्रू अनावर झाले' हे असंच.

'तिला आवरवत नाही.' शाळेत शक्य क्रियापद शिकलो ते हे. बसवत नाही, चालवत नाही, बघवत नाही. इच्छा आहे, या घडीला ताकद नाही.

'तिला आवरता येत नाही.' पोहता येत नाही, सायकल चालवता येत नाही, तसं. ज्याच्या पुढे 'येत नाही' लागतं ते पुढे कधीतरी येऊ शकतं, कारण ते कौशल्य आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ही शेवटची दोन वाक्यं आहेत. घरातला सगळा कलंक मला पहिल्या आणि चौथ्या वाक्याच्या मधल्या जागेत दिसतो. आणि चौथं वाक्य ही केवळ मायेपोटी केलेली शब्दरचना नव्हे. लिनेहान यांची उपचारपद्धती, डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), याच गृहीतावर उभी आहे: माणसाला आवरण्याची कौशल्यं शिकायला मिळालेली नाहीत, ती शिकवता येतात. तिथे चार गोष्टी शिकवतात. सजगता, कळ सोसणं, भावना ओळखून आवरणं, आणि माणसं न तोडता आपलं म्हणणं मांडणं. 'डिस्ट्रेस टॉलरन्स'ला 'कळ सोसणं' यापेक्षा चांगला शब्द मला कुठल्याही भाषेत सापडलेला नाही.

हे मी बाहेरून लिहीत नाही. एकोणतिसाव्या वर्षी माझ्याही केसपेपरवर हेच लिहिलं गेलं. एका शुक्रवारी कामावरून आले तेव्हा आई मावशीशी फोनवर बोलत होती. मला बघून म्हणाली, "हो, आली एकदाची." बस, तो 'एकदाची'. आई फक्त वाट बघून दमली होती. माझ्या कानात मात्र तो शब्द 'नकोशी' होऊन शिरला. कानशिलं तापली. हातातला डबा मी मोरीत इतक्या जोरात टाकला की झाकणाची कड वाकली. मग न्हाणीघरात, नळ सोडून. बादली भरून वाहत होती, ते दिसत होतं आणि नळ बंद करायला हात जात नव्हता. पाऊण तासाने दाराबाहेरून आई म्हणाली, "आवर गं आता. एवढं काय झालंय?" त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, आवरवत नाही. मला आवरता येत नाही." बाहेर बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्या जिन्यासारखं?"

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन वर्षं ती म्हणत होती, "मला आता जिना चढवत नाही." आणि आमच्यापैकी एकानेही तिला कधी "मनावर घे, चढशील" असं म्हटलं नव्हतं.

निदान कळल्यावर लोकांच्या तोंडची वाक्यं कशी बदलतात हेही मी पाहिलं आहे. त्या वेळच्या नोकरीत रजेच्या अर्जातून ही गोष्ट फुटली. पुढे मी कामाच्या वाटपाबद्दल एक रास्त तक्रार केली, तर उत्तर आलं, "आज गोळी घेतली नाहीस का?" त्यानंतर मला खरा राग येण्याची सोयच उरली नाही. एरवी मराठीत राग 'येतो', तो येतो तसा जातो. शिक्का बसला की 'तिला राग आला'चं 'ती तशीच आहे' होतं. 'तिला दमा आहे', 'तिला थायरॉइड आहे' म्हणणारे लोक मनाशी पोचले की चतुर्थी सोडून प्रथमेवर येतात: ती सायको आहे, ती मेंटल आहे, ती बायपोलर आहे. (बायपोलर हा तर वेगळाच आजार, त्यात मनःस्थिती दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे चढलेली किंवा उतरलेली राहते.) ठाणे आणि येरवडा या चांगल्या नांदत्या गावांची नावंसुद्धा आपण तिथल्या मनोरुग्णालयांपायी शिवीसारखी वापरली.

नाव बदलून काय होतं, असं कुणी म्हणेल. जपानचं उदाहरण सांगते. स्किझोफ्रेनियाला तिथे 'मन दुभंगण्याचा रोग' असं नाव होतं. आपलं 'छिन्नमनस्कता' त्याच घाटाचं. ग्रीक 'स्किझो' आणि आपला 'छिद्' एकाच मुळाचे. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते नाव बदलून 'सांधणी बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचं नाव घेतलं. तीन वर्षांत, रुग्णाला त्याचा आजार सांगितला जाण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. जुनं नाव तोंडातून काढणं डॉक्टरांनाच जड जात होतं. आपल्याकडे पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांतून रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द आवडतात. दोघांनाही काहीतरी करायचं आहे, हे त्यांत दिसतं. कायदाही या बाबतीत समाजापेक्षा पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आजाराचं निदान झालं एवढ्यावरून त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं धरता येत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं.

तेव्हा आईंना असं सांगा: "तिला भावना फार जोरात येतात आणि तिला त्या आवरता येत नाहीत. ते शिकवणारे उपचार आहेत, ती शिकते आहे." कागदावरचं नाव डॉक्टरांपुरतं, विम्यापुरतं राहू द्या. आणि हेही सांगा की भावना अनावर होणं हे एकट्या याच आजाराचं लक्षण नाही. एडीएचडीत (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या त्रासात) होतं, मोठ्या आघातानंतर होतं. शब्दावरून घरी निदान करू नये.

दोन शब्द मात्र घरातून काढून टाका. एक 'थेरं', कारण त्यात ती मुद्दाम करते असं गृहीत आहे. दुसरा 'धमकी'. 'जीव द्यायची धमकी देते' असं घरोघरी म्हणतात. तिने तसं काही म्हटलं तर ते 'म्हटलं' असं ऐका, तिच्याजवळ थांबा, डॉक्टरांना लगेच कळवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

आमच्याकडे आता "आवर" म्हणत नाहीत. आई विचारते, "आवरतंय, की मी थांबू?" मी बहुतेक वेळा "थांब" म्हणते. मग ती दाराबाहेर पाट टाकून भाजी निवडत बसते, काही बोलत नाही. परवा मेथीची एक जुडी निवडून व्हायच्या आत मी बाहेर आले होते.