गटात साहेब नको असेल तर

भाऊ, तेंदूपानं गोळा करायला गावाचा गट काढताय, तर अध्यक्ष कोण हा वाद आताच काढू नका. बँकेला सह्या लागतात, तेवढ्यापुरती नावं द्या. आधी वही उघडी करा. जमाखर्च, तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) पुड्यांचा हिशेब, बैठकीत ठरलेलं, सगळं एकाच वहीत. आणि वही समाजमंदिरात, कोणीही चाळेल अशी. ती एकाच्या घरी राहिली की तोच साहेब होतो, निवडणूक घ्या की नका घेऊ.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव पाहून या. तिथं ग्रामसभा मतदान न घेता सर्वसहमतीनं ठरवते. अभ्यासगट वेगळा बसतो. तो माहिती खोदतो, निर्णय घेत नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क (गावानं मिळून जंगल सांभाळायचा, वापरायचा हक्क) मिळाला, तेव्हा ही सवय जुनीच होती.

नवखे चुकतात ते इथं:
- हात वर करून घाईनं ठराव. हरलेले पुढच्या बैठकीला फिरकत नाहीत.
- व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरणं. बाया धानाच्या रोवणीवर असतात, फोन पोराच्या खिशात. चावडीवर फळा लावा, दवंडीही चालते.
- दरवेळी बैठक चालवणारा तोच. पाळी लावा. नवीन माणूस अडखळेल, अडखळू द्या.

कंपनी, नोंदणी वगैरे एवढ्यात नकोच. तेंदूचा एक हंगाम काढा, मग बोलू.