साउथ आयलंडला तीन गाड्या नेताना वॉकी-टॉकी घ्यावेत का? घ्यावेत, पण इथून नेऊ नयेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातली तीन कुटुंबं, भाड्याच्या तीन गाड्या, न्यूझीलंडचा साउथ आयलंड, बरोबर लहान मुलं आणि एक आजी. व्हॉट्सॲप कॉलवर भागेल की वॉकी-टॉकी लागतील, आणि लागतील तर इथूनच ऑनलाइन मागवावेत का?

वॉकी-टॉकी जरूर घ्या. फक्त इथून नेऊ नका, क्राइस्टचर्चला उतरल्यावर तिथेच घ्या. मी नेरूळला राहतो, आमचा गट इथल्या घाटांत आणि परदेशातही तीन-चार गाड्यांनी फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोनचं. क्राइस्टचर्च, टेकापो, क्वीन्सटाउन या गावांत फोन उत्तम चालतो आणि गावात फोनच वापरा. अडचण गावाबाहेर सुरू होते. टे आनाऊपासून मिलफर्ड साउंडपर्यंतचा साधारण 120 किलोमीटरचा रस्ता बहुतेक ठिकाणी नेटवर्कविना आहे. हास्ट पासच्या बाजूलाही मोठे पट्टे तसेच. पण नेटवर्क येतं-जातं असतं तिथे ग्रुप कॉलचा त्रास त्याहून जास्त. दर थोड्या वेळाने कोणीतरी कॉलमधून बाहेर पडतं, पुन्हा जोडायची खटपट होते, आणि त्यात चालकाची नजर स्क्रीनकडे वळते. एका लेनच्या पुलांच्या रस्त्यावर हे मला अजिबात मान्य नाही. वॉकी-टॉकीला नेटवर्क लागत नाही. बटण दाबलं, बोललात, सोडलं.

आता इथून का न्यायचे नाहीत. परवान्याशिवाय बोलायची फ्रिक्वेन्सी प्रत्येक देशाने वेगळी ठरवली आहे. आपल्याकडे 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त आहे. युरोपातही हाच पट्टा, अर्धा वॉट शक्ती आणि न निघणारा अँटेना अशी अट. अमेरिकेत 462 आणि 467 च्या आसपास. न्यूझीलंडमध्ये मात्र सर्वसामान्यांसाठीची जागा 476-477 मेगाहर्ट्झला आहे, 80 चॅनल, जास्तीत जास्त 5 वॉट. ऑस्ट्रेलियातही हीच व्यवस्था आहे. म्हणजे ठाण्यात कायदेशीर असलेला सेट साउथ आयलंडमध्ये चुकीच्या जागी बोलतो. आपल्याला ‘चालतोय की’ असं वाटतं, पण त्या फ्रिक्वेन्सीवर तिथे दुसऱ्या कोणाचं तरी काम सुरू असू शकतं. पाहुणे म्हणून गेलेल्यांनी हे पाळलंच पाहिजे.

‘सगळ्या देशांत चालणारा’ म्हणून जो प्रोग्राम करता येणारा 5 वॉटचा स्वस्त सेट ऑनलाइन दिसतो, तो तर घेऊच नका. तो भारतात वापरायला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचा, परवाना लागतो, आणि परवाना असला तरी तो फक्त हॅमच्या पट्ट्यांपुरता. शिवाय आपल्याकडे कुठल्याही वायरलेस सेटला सरकारची उपकरण-मान्यता लागते. ती न सांगता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. तेव्हा वेबसाइटवर दिसतंय म्हणजे घ्यायला मोकळं आहे, असं समजू नका.

तिथे दुकानात ‘पीआरएस’ किंवा ‘यूएचएफ सीबी’ म्हणून विचारा. अर्धा वॉट, 2 वॉट, 5 वॉट असे हातात धरायचे सेट मिळतात. मुलांच्या खेळण्यातल्यासारखे अर्ध्या वॉटचे घेऊ नका. मी 5 वॉटचे घ्या म्हणेन. कारण गाडीचं पत्र्याचं अंगच लहरी अडवतं, आणि आतून बोलताना सेटची बरीच ताकद तिथेच संपते. खोक्यावर छापलेल्या किलोमीटरवर विसंबू नका. तो आकडा डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीपलीकडे बोलण्याचा असतो.

इथलंच उदाहरण देतो. 446 वाले अर्ध्या वॉटचे मान्यताप्राप्त सेट घेऊन पाम बीच रोडवर दोन गाड्यांत बोललात, तर सरळ रस्त्यावर एक-दीड किलोमीटरपर्यंत आवाज स्वच्छ येतो. तेच सेट घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणात नेले की पुढची गाडी डोंगराआड गेल्याबरोबर नुसती खरखर. या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. 5 वॉटने मोकळ्यावर फरक पडतो, डोंगरापुढे फारसा पडत नाही. म्हणून अंतर कमी ठेवणं हाच खरा उपाय, शक्ती वाढवणं नाही.

चॅनल निवडताना हे बघा. 1 ते 8 आणि 31 ते 38, तसंच 41 ते 48 आणि 71 ते 78 रिपीटरशी, म्हणजे आवाज पकडून पुढे लांबवर पाठवणाऱ्या केंद्रांशी, जोडलेले असतात, ते सोडा. 22 आणि 23 डेटासाठी राखीव आहेत, तिथे बोलायचं नाही. ऑस्ट्रेलियाला कधी गेलात तर 5 आणि 35 फक्त संकटासाठी, आणि 40 वर ट्रकवाले बोलतात. तिकडे 40 ऐकत राहावं, पुढे अपघात किंवा काम असलं तर तिथेच आधी कळतं. तुमच्या गप्पांसाठी 12 ते 17 किंवा 24 ते 28 मधला शांत असलेला एक घ्या, आणि तो गजबजला तर जायचा दुसराही आधीच ठरवून कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ असतो, त्याने तुमचं बोलणं खासगी होत नाही. इतरांचे आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत इतकंच, तुमचे सगळ्यांना येतात. त्यामुळे हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर, पासपोर्ट कोणाकडे आहेत असलं काही त्यावर बोलू नका. तिथे मराठी कळणारे नसतील असं धरून चालू नका. तो कोड तिन्ही सेटवर एकच हवा किंवा तिन्हींवर बंद. निम्म्या ‘सेट बिघडला’च्या तक्रारी तिथेच असतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यंत्रात नाही, बोलण्याच्या शिस्तीत आहे. ताफा शेवटच्या गाडीच्या वेगाने चालतो, पुढच्या नाही. म्हणून शेवटच्या गाडीला अधिकार द्या. तिने ‘थांबा’ म्हटलं की पुढच्यांनी कारण न विचारता पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं. कारण नंतर. आजींना मळमळतंय, मुलाला शू लागलीय, मागे टायरचा दिवा पेटलाय, काहीही असो. आणि आजी ज्या गाडीत असतील तीच शेवटची ठेवा, म्हणजे त्यांच्या प्रकृतीनुसार सगळ्यांचा वेग आपोआप बसतो. तुमच्यातला सर्वांत सबुरीचा चालकही त्याच गाडीत हवा.

सेट चालकाच्या हातात कधीच नाही, शेजारी बसणाऱ्याकडे. जर्मनीसारख्या देशात तर चालकाने बिनतारी संच हातात धरणं नियमातच बसत नाही. तुमच्याकडे उलट फायदा आहे: न्यूझीलंडमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे शेजारचा माणूस नकाशा आणि सेट दोन्ही सांभाळू शकतो. गाड्यांना नावं द्या, कारण घाईत ‘अरे ऐक ना’ म्हटलं तर तिन्ही गाड्या ऐकतात. येऊर, उपवन, पारसिक अशी उच्चारात वेगळी नावं ठेवा. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं: ‘उपवन, येऊर बोलतोय.’ बटण दाबल्यावर श्वासभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘थांबू नका’चं ‘थांबू’ निसटून दुसरंच ऐकू जातं. म्हणून नकारार्थी वाक्यंच टाळा. ‘वळू नका’ऐवजी ‘सरळ चला’ म्हणा. ऐकणाऱ्याने नुसतं ‘हो’ न म्हणता ऐकलेलं परत म्हणायचं: ‘सरळ चाललो, येऊर.’ दोघांनी एकदम बटण दाबलं तर कोणालाच काही कळत नाही, म्हणून शेवटच्या गाडीला आधी बोलू द्या.

पुढच्या गाडीने काय सांगायचं? एकेरी पूल, आणि समोरून कोणी येतंय का. पण तिचं ऐकून मागच्यांनी पुलावर शिरायचं नाही. पुलाआधीच्या फलकावर आपल्या दिशेचा बाण लाल असेल, म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्यायचं असेल, तर प्रत्येक गाडीने स्वतः थांबून स्वतः बघायचं. ओव्हरटेकचंही तसंच. ‘रस्ता मोकळा आहे, या’ हे वाक्य आमच्या गटात बंद आहे, तुमच्याही ठेवा. पुढच्याने बघितलेला रस्ता तुम्ही पोहोचेपर्यंत मोकळा राहतोच असं नाही. शेवटच्या गाडीने मागून येणाऱ्या वेगवान गाड्यांची खबर द्यायची, म्हणजे तिघांना सोयीच्या जागी बाजूला होऊन वाट देता येते. तीन गाड्यांची न तुटणारी रांग स्थानिकांना फार जाचते. मध्ये एक गाडी शिरेल इतकं अंतर ठेवा.

मिलफर्डच्या रस्त्यावर होमर बोगदा लागेल. साधारण 1.2 किलोमीटर लांब, अरुंद, आणि गर्दीच्या मोसमात दिवसा सिग्नलने एकावेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. कधी वीसेक मिनिटं थांबावं लागतं. तुमच्या दोन गाड्या आत गेल्या आणि तिसरी लाल दिव्याला अडकली, असं होणारच असं धरा. फोन नाही, आणि मध्ये अख्खा डोंगर असल्यामुळे वॉकी-टॉकीही पोहोचणार नाही. म्हणून पलीकडे कुठे थांबायचं ते पहिली गाडी बोगद्यात शिरण्याआधीच रेडिओवर नक्की करा. पलीकडे हिमकडे कोसळण्याच्या पट्ट्यात थांबायला मनाई करणारे फलक असतात, तिथे वाट बघत उभं राहायचं नाही. खाली गाडीतळावर जायचं.

संपर्क तुटला तर काय, हेही निघण्यापूर्वी ठरवा. आमचा नियम असा: हाक मारून उत्तर नाही आलं की पुढच्याने पुढच्या ठरलेल्या गावात किंवा पेट्रोल पंपावर थांबायचं, उलट फिरून शोधायला जायचं नाही. मागची गाडी येत राहते. त्यासाठी रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी दिवसाचे दोन-तीन थांबे तिन्ही गाड्यांत कागदावर लिहा, आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

वॉकी-टॉकी हे बचावाचं साधन नव्हे. अपघात झाला तर 111 या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन, आणि नेटवर्क नसेल तिथे उपग्रहाकडे संकटाचा संदेश पाठवणारा 406 मेगाहर्ट्झचा बीकन. तिथे भटक्यांना तो भाड्याने मिळतो. लांबच्या पायवाटांवर जाणार असाल तर एक घ्याच.

तीन गाड्यांना चार सेट घ्या. चौथा राखीव, आणि थांब्यावर मुलं फिरायला गेली की त्यांच्यातल्या मोठ्याकडे. चालत्या गाडीत मुलांना देऊ नका, चॅनल अडकून राहतो आणि ‘थांबा’ ऐकू येत नाही. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा चार्जर मिळतो का ते घेतानाच बघा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, चेक-इन सामानात नाही.

आणि परत येताना ते सेट इकडे आणू नका. 476-477 आपल्याकडे परवानामुक्त नाही. उतरलात त्या हॉटेलात एखादा गट पुढच्या प्रवासाला निघाला असेल तर त्यांना द्या किंवा तिथेच विका. इथे माळशेज किंवा कसाऱ्याला जाताना 446 चे मान्यताप्राप्त सेट वेगळे घ्या. खरं तर तेच आत्ता घेऊन निघण्यापूर्वी एका रविवारी तिन्ही गाड्या माळशेजला काढा, म्हणजे कोण किती बोलतं आणि शेवटची गाडी कोणाकडे द्यायची हे तिथेच ठरेल.