बोट लागते, पण सांगायचं कसं?

प्रिय ताई,

पुढच्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. न्यू जर्सीचा मुलगा म्हणतो, ‘आता तुम्हाला क्रूझवर नेतोच, कुठे ते तुम्ही ठरवा.’ त्याने तीन नावं पाठवली आहेत. मुंबईहून लक्षद्वीप, सिंगापूरहून पेनांग-फुकेत, नाहीतर अलास्का. ह्यांनी केव्हाच अलास्का म्हणून टाकलंय. दिवसभर मोबाइलवर बर्फ बघत बसतात. मी म्हटलं, लक्षद्वीप बरं, जवळ आहे. खरं कारण वेगळं आहे. मला बोट लागते.

माझं माहेर गिरगावचं. १९७६ साली लग्न होऊन देवगडला आले ती बोटीने. भाऊचा धक्का सुटला आणि उलट्या सुरू झाल्या त्या किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, पडावात, उतरेपर्यंत. हे रात्रभर डेकवर टमरेल धरून माझ्याशेजारी बसले होते. नवी नवरी, सासरची सगळी माणसं समोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर कधी बोटीत पाऊल टाकलं नाही आणि त्या रात्रीचा विषयही आमच्यात निघाला नाही. आता सांगितलं तर हे सगळं रद्द करून मोकळे होतील. परवा विचारत होते, ‘जमात मा तुका?’ मी म्हटलं, ‘न जमूक काय झाला!’

जवळचं ठिकाण निवडून वेळ मारून न्यावी का? की तोंड मिटून अलास्काला जावं? जन्म लोकांची ताटं वाढण्यात गेला. आठ दिवस आयत्या ताटावर बसायला मिळालं तर कुणाला नको आहे? पण त्या टमरेलाची आठवण जात नाही.

— एक देवगडकरीण, वय ७१

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. नवऱ्याला कळू नये म्हणून तुम्ही जे लपवताय, त्याचा सगळ्यात जवळचा साक्षीदार तुमचा नवराच आहे. जो माणूस रात्रभर टमरेल धरून बसला तो ते विसरला असेल? ‘जमात मा तुका?’ हा प्रश्न दुसरा कशाचा होता? पन्नास वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही तो तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. परवा पहिल्यांदा काढला, आणि तुम्ही दार लावून घेतलंत.

तेव्हा ते दार आधी उघडा. कसं उघडायचं ते पुढे सांगते. आधी समुद्राचं बोलू, कारण तिथे तुमचा हिशेब चुकतोय.

जवळचा समुद्र शांत आणि लांबचा खवळलेला, असं तुम्ही धरून चाललाय. वहिनी, तुमच्या घराच्या पडवीतून समुद्र दिसत असेल. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो कसा असतो? लाटा फुगायला लागतात, मच्छीमार होड्या वर ओढायच्या तयारीला लागतात, १ जूनपासून मासेमारी बंद. लक्षद्वीप त्याच अरबी समुद्रात आहे, आणि मुंबईहून तिथे जायचं म्हणजे उघड्या समुद्रातून. शिवाय तिथल्या बेटांभोवती प्रवाळाची कडी आहे. आत सरोवरासारखं उथळ, निळंशार पाणी. मोठं जहाज त्यात शिरत नाही. ते बाहेर थांबतं आणि माणसं लहान बोटींतून बेटावर जातात. म्हणजे पुन्हा पडाव! समुद्राने मनाई केली तर बेट लांबून बघून परतायचं. लक्षद्वीप सुंदरच आहे, पण जायचं तर डिसेंबर-जानेवारीत. मेमध्ये, त्यातही बोट लागणाऱ्या बाईने, मुळीच नाही.

सिंगापूरचं तसं नाही. सिंगापूर ते पेनांग हा मलाक्काच्या सामुद्रधुनीतला प्रवास. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मध्ये बऱ्यापैकी निवांत पाणी. फुकेतला मात्र मे-जूनमध्ये आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि समुद्र त्या किनाऱ्यावर आपटत असतो. आणि एक सांगू? पेनांगला उतरून नारळ, फणस आणि उकाडा बघायला देवगडहून कशाला जायचं? हे माझं मत. सिंगापूरला जाऊन आलेले लोक माझ्यावर रागावतील. रागावोत.

राहिलं अलास्का. नकाशा उघडा किंवा नातवाला उघडायला सांगा. कॅनडाच्या व्हँकुव्हरपासून वर अलास्कापर्यंत किनाऱ्यालगत बेटांची रांगच्या रांग आहे. जहाज त्या बेटांच्या आतल्या बाजूने जातं. त्या वाटेला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात. दोन्हीकडे डोंगर, मध्ये पाणी. आपल्या वाघोटन खाडीत शिरल्यासारखं, फक्त खाडी हजार-दीड हजार किलोमीटर लांब आहे अशी कल्पना करा. प्रशांत महासागराच्या लाटा बाहेरची बेटं अंगावर घेतात. मध्ये दोन ठिकाणी आडोसा तुटतो, तिथे काही तास जहाज हलतं. ते तास झोपेत गेले तर ठीकच, नाही तर गोळी आहे. म्हणजे तिघांत सगळ्यात लांबचं ठिकाणच तुमच्या पोटाला सगळ्यात सोयीचं.

पण इथे मुलाला नीट बजावा. अलास्काच्या सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. सिएटलहून निघणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या महासागरातून जातात. व्हँकुव्हरहून निघून वर सीवर्ड किंवा व्हिटियरला संपणाऱ्या फेऱ्या शेवटी अलास्काचं आखात ओलांडतात. तिथेही आडोसा नाही. तुम्हाला हवी ती व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारी, सात रात्रींची. मुलगा म्हणेल, ‘सिएटलहून काढतो, कॅनडाचा व्हिसा वाचेल.’ तो वाचत नाही. सिएटलच्या फेरीतही कॅनडाचं एखादं बंदर लागतंच. तुमचे अमेरिकेचे व्हिसा नातवंडांच्या वेळचे असतील तर त्यांची मुदत आजच बघा, आणि कॅनडाचा अर्ज दिवाळीचा फराळ संपायच्या आत जाऊ दे. तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा मिळाला तर उत्तम, कारण जहाज कॅनडातून बाहेर पडून पुन्हा कॅनडात येतं.

तारखेचाही हट्ट नको. मेमध्ये तुमच्या घरून कोण हलणार आहे? कलमं उतरवायची, पेट्या भरायच्या, कॅनिंगवाल्याशी भावावरून भांडायचं. हे सगळं टाकून निघालात तर भावजी बर्फ बघतील आणि डोक्यात आंबाच असेल. पुढे १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. जावई असेल तर अनारशांचं वाण चुकवून चालणार नाही. म्हणून जूनचा शेवटचा आठवडा धरा. न्यू जर्सीच्या शाळाही तोवर सुटलेल्या असतात. अलास्कात तेव्हा दिवस सर्वांत मोठा असतो, तिथल्या जूनो बंदरात रात्री दहाला सूर्य मावळतो. गणपती १४ सप्टेंबरला, त्यामुळे परत येऊन गणपतीवर बांधायच्या माटवीची तयारी करायलाही पुष्कळ वेळ. आंबे मात्र बरोबर नेऊ नका. ताजी फळं विमानतळावर काढून घेतात, आणि हापूस कचऱ्यात पडताना बघणं तुम्हाला सोसणार नाही.

आता पोटाचं. बोट लागते म्हणजे काय होतं? कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोरची भिंत सांगते की सगळं स्थिर आहे. मेंदूचा गोंधळ होतो आणि भोगायला लागतं पोटाला. यावर पहिला इलाज जागेचा. लहान मुलांच्या सी-सॉची टोकं वरखाली होतात, मधला भाग फारसा हलत नाही, जहाजाचं तेच. केबिन जहाजाच्या बरोब्बर मध्यावर आणि होता होईल तो खालच्या मजल्यावर मागा. हे मी अक्कलखाती जमा केलेलं शहाणपण आहे. एकदा मी स्वस्तात मिळते म्हणून पार नाळेकडची, बिनखिडकीची केबिन घेतली होती. दोन रात्री मी गादीला धरून देवाचं नाव घेत होते आणि वर लोक गाण्यांच्या भेंड्या खेळत होते. वाचवलेले पैसे लिंबू-सरबतात गेले.

तेव्हा खिडकी किंवा बाल्कनी हवीच. मळमळलं की बाहेर जाऊन क्षितिजावर नजर लावायची, म्हणजे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगायला लागतात. बाल्कनीचे पैसे जास्त पडतात, आणि तुम्ही मुलाचा खर्च वाचवायला जाल. इथे वाचवू नका. फोटोंचे, दारूच्या पॅकेजचे, वायफायचे वाचवा. जहाजावरची टिप माणशी रोज पंधरा-वीस डॉलर वेगळी लावतात. ती तिकिटात धरली आहे का ते मुलाला विचारायला लावा, नाहीतर शेवटच्या दिवशी बिल बघून भावजींना बोट लागेल.

गोळी अ‍ॅव्होमिनची, एसटीतल्या घाटासाठी आपण घेत आलो तीच. पण ती उलटी सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची. तिने झोप येते. काचबिंदू असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. पर्समध्ये आलेपाक ठेवा आणि पोट रिकामं ठेवू नका. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो, हे बोटीच्या काळातल्या बायकांना कुणी सांगितलंच नाही. तुम्हालाही त्या दिवशी उपाशीच चढवलं असणार. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. विम्याच्या कागदावर दोघांचे जुने आजार खरेखरे लिहा. तिथल्या समुद्रावरून माणसाला इस्पितळात हलवायचा खर्च घर विकायला लावणारा असतो.

आणि १९७६ ची बोट ती बोट नव्हे. ती जेमतेम हर्णै-जयगड करत जाणारी, डेकवर चटया पसरलेली, आंब्याच्या करंड्या नि कोंबड्यांसकट. आताच्या जहाजाची लांबी कितीदा तरी तीनशे मीटरच्या घरात असते आणि डुलणं कमी करायला पोटाखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. केचिकन, जूनो, स्कॅगवे या बंदरांत जहाज सहसा धक्क्यालाच लागतं. उतरायला शिडी नाही, पडाव नाही. गुडघ्यांना तेवढाच आराम. केचिकनला पाऊस आपल्या कोकणाच्या तोडीचा, तेव्हा छत्री इथूनच न्या. स्कॅगवेला सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली अरुंद रुळांची रेल्वे आहे. तिच्या खिडकीत बसून घाट चढायचा, चालायचं काही नाही.

भावजींचा बर्फ ग्लेशियर बे मध्ये आहे, आणि ती खाडी फेरीत आहे ना हे तिकीट काढायच्या आधी बघा. सगळ्याच जहाजांना तिथे प्रवेश नसतो, दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी तिथे पोहोचले तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज ती सुमारे शंभर किलोमीटर मागे सरकली आहे. जहाज तिच्यासमोर थांबतं, बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो आणि आवाज नंतर येतो. तिथे पाणी बशीतल्या चहासारखं स्थिर असतं. मोबाइलवर हे दिसत नाही, वहिनी. त्यांना ते बघू दे.

आता दाराचं. ‘मला बोट लागते, नको जाऊया’ असं म्हणू नका. ते ऐकून ते खरंच रद्द करतील. असं म्हणा, ‘मला बोट लागते हे तुम्हाला माहीत आहे. आधी मुंबई-गोवा करून बघूया.’ जानेवारीत मुंबईहून गोव्याला दोन रात्रींची क्रूझ असते. व्हिसा लागत नाही, आधार कार्ड चालतं, आणि समुद्र वर्षातला सगळ्यात गुणी. तुम्ही ज्या वाटेने सासरी आलात त्याच वाटेने जहाज जाईल, थोडं बाहेरून. रात्री डेकवर गेलात तर किनाऱ्याचे दिवे दिसतीलही. त्यातला देवगडचा कुठला यावरून तुमचं भांडण होऊ दे.

या फेरीत जमलं तर अलास्काचे उरलेले पैसे भरा. नोंदणी आधी करून ठेवा, पण रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात ते वाचून. जमलंच नाही, गोळी घेऊनही दोन दिवस आडवं पडून काढावे लागले, तर क्रूझ सोडून द्या आणि तेच पैसे घेऊन जमिनीवरून बर्फ बघायला जा. स्वित्झर्लंडमध्ये बर्फापर्यंत आगगाडी जाते. लाजायचं कारण नाही, पण मुलाला ते तुम्ही स्वतः सांगायचं, भावजींना पुढे करून नाही.

आणखी एक. मुलगा, सून, नातवंडं बरोबर येणार असतील तर आनंद आहे. पण तुमची केबिन तुम्हा दोघांचीच. ‘आजीजवळ झोपू दे ना एक रात्र’ याला पहिल्याच दिवशी नाही म्हणा, नाहीतर आयत्या ताटावर बसायला गेलेली बाई कुणाच्या तरी दुधाचा कप शोधत फिरेल. जेवायला रोज खाली उतरायचीही सक्ती नसते. नाश्ता केबिनवर मागवता येतो. मागवा. भावजींना सामन मासा आवडतो का ते मला कळवा. सुरमईवर वाढलेल्या माणसाला तो आधी गोडसर लागतो.

जानेवारीच्या फेरीला टमरेल नेऊ नका. जहाजावर कागदी पिशव्या मिळतात. भावजी शेजारी बसलेले असतील, त्यांच्या हातात एक देऊन ठेवा.

तुमची,
ताई