वडील फौजेतून निवृत्त, सेवेत जडलेल्या आजारामुळे डिसेबिलिटी पेन्शनवर होते. ते गेल्यावर आईला स्पेशल फॅमिली पेन्शन मिळेल का?

ताई, मिळू शकते. सेवेशी जोडलेल्या आजाराने फौजी गेला तर घरच्यांना मिळते ती स्पेशल फॅमिली पेन्शन. पण ती आपोआप सुरू होत नाही, मागावी लागते. आणि तासगावातला तो एजंट "वीरनारीची पेन्शन काढून देतो" म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती म्हणजे शेवटच्या पगाराइतकी पेन्शन, आणि ती लढाईत किंवा अतिरेक्यांच्या चकमकीत जवान गेला तर मिळते. तुमचे वडील निवृत्तीनंतर मिरजेच्या दवाखान्यात हार्टच्या दुखण्याने गेले, तिथे ती लागू नाही.

मी साताऱ्याचा, युनिटात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. आमच्या बाजूला अपशिंग्यासारखी घरटी फौजी असलेली गावं, त्यामुळे असे कागद अजूनही माझ्याकडे येतात.

साधी फॅमिली पेन्शन पगाराच्या ३० टक्के, स्पेशल ६० टक्के. वडिलांचा डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, त्यांच्याबरोबरच संपला, तो आईच्या पेन्शनीत धरत नाहीत. सध्या आईच्या खात्यात बरी रक्कम येत असेल, कारण साध्या फॅमिली पेन्शनला सुरुवातीला वाढीव दर असतो. तो ७ वर्षं किंवा वडिलांचं वय ६७ झालं असतं तोवर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. वडील ६१ व्या वर्षी गेले, म्हणजे साधारण सहा वर्षं. "चाललंय की बरं" म्हणून बायाबापड्या गप्प बसतात आणि रक्कम खाली आल्यावर धावपळ सुरू होते.

आता खरी मेख. नियमाला एवढंच हवं असतं की मृत्यू सेवेमुळे झालेल्या किंवा सेवेत बळावलेल्या आजाराने झाला, किंवा त्या आजारामुळे लवकर ओढवला. वडिलांचा हृदयविकार रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, सेवेशी संबंधित म्हणून मान्य केलेला आहे, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मृत्यूच्या कारणाच्या कागदावर. नगरपालिकेचा मृत्यू दाखला इथे उपयोगाचा नाही, त्यावर कारण नसतंच. दवाखान्याने भरलेला कारणाचा फॉर्म लागतो, फॉर्म ४. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावीच लागते, मागून घ्या. त्यावर नुसतं "कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट" असेल तर घोळ. माणूस कशानेही गेला तरी शेवटी हृदय आणि श्वास थांबतोच, ते कारण नव्हे. खालच्या ओळीत मूळ आजार लिहिलेला असतो, तो बोर्डाच्या कागदावरच्या आजाराशी जुळायला हवा. जुळत नसेल तर डॉक्टरांकडून केस पेपर, ईसीजी, एंजिओग्राफीच्या आधारे लेखी मत घ्या. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, गोळ्यांची पुस्तिका रद्दीत टाकली नसेल तर सोन्याहून पिवळं. बोर्डानंतरही तोच आजार सलग चालू होता हे त्यातून दिसतं.

हे सगळं, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बोर्डाची प्रत जोडून आईच्या सहीने अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, करायचा. वडील मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे बेळगावला. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. बोर्डाची प्रत घरात नसेल तर त्याच रेकॉर्डकडून मागवता येते. सांगलीच्या सैनिक बोर्डात, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, अर्ज लिहून द्यायला मदत करतात, तीही फुकट.

"आजाराचा सेवेशी संबंध नाही" असं छापील उत्तर आलं तर घाबरू नका, फार जणांना येतं. ते लेखीच घ्या आणि सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करा. त्यापुढे दुसरं अपील, मग मुंबईचं सशस्त्र सेना न्यायाधिकरण. सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत लागला असंच धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तो निकाल डिसेबिलिटीचा आहे, तरी अपिलात जरूर लिहा.

उशीर झाला तरी पेन्शनचा हक्क सहसा बुडत नाही, मात्र थकबाकी बहुतेक मागच्या तीन वर्षांचीच मिळते. फॉर्म ४ हातात आला की मूळ आजाराच्या ओळीत काय लिहिलंय ते इथेच कळवा, अर्जाचा मसुदा मी बघून देतो.