लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अनोळखी मोठ्या शहरात जायचं आहे. टूर कंपनीबरोबर जावं की दोघांनीच? शहर कोणतं, दिवस किती, खर्च किती?

दोघांनीच जा. खरं तर उत्तर इथंच संपलं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'नातेवाईक म्हणतात दोघंच गेलात तर फसाल', आणि हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की आता सगळं लिहिल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही.

आम्ही कोल्हापूरचे. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, मी घरी शिकवण्या घेते. आमच्या पंचविसाव्याला कुठं जायचं यावर घरात सभाच भरली होती. सासूबाई म्हणाल्या, जोतिबाला जाऊन या, अभिषेक करा. मुलगा म्हणाला, गोवा. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, आम्ही गेलो तशी टूर घ्या की. काही म्हणजे काही बघावं लागत नाही!"

हेच तर माझं म्हणणं आहे. काही बघावंच लागत नाही. जाऊबाई राजस्थानला जाऊन आल्या त्या भरलेल्या बसमधून, बरोबर मराठी आचारी. सकाळी पोहे, रात्री पिठलं-भात. उदयपूरच्या तळ्याकाठी बसून पिठलंच खायचं तर आमचा रंकाळा काय वाईट आहे? बसमध्ये पुढच्या सीटवर कुणी बसायचं यावरून एका कुटुंबाशी त्यांचं जे वाजलं, ते अजून तिखटमीठ लावून सांगतात. कुठला महाल बघितला विचारलं की मात्र फोन काढून फोटो चाळायला लागतात.

आता शहर कुठलं. दोघांनाही सारखंच अनोळखी असलेलं शहर निवडा, यावर मी कुणाचं ऐकणार नाही. पुण्याला गेलं की आमचे हे जाणकार, कारण डिप्लोमा तिथं केलाय. मुंबईला गेलं की मी जाणकार, माझी थोरली बहीण दादरला असते. मग एक जण पुढं तरातरा चालणार आणि दुसरा मागनं पिशवी घेऊन. पंचवीस वर्षं घरात तेच चाललंय, वाढदिवसाला तरी नको. म्हणून मी कलकत्ता काढलं. तिथं आमच्या अख्ख्या भावकीत कुणी राहत नाही, अडलं तर फोन लावायची सोय नाही, भाषा येत नाही. ह्यांना काही माहीत नाही, मला काही माहीत नाही. संसारात पहिल्यांदाच आम्ही एका पातळीवर आलो.

पुण्यातून आझाद हिंद एक्स्प्रेस थेट हावड्याला जाते. दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात, पण नागपूर-बिलासपूर करत देश ओलांडल्यासारखं वाटतं. विमानानं जायचं तर खुशाल जा. निघायच्या आधी मी एकच अट घातली होती: जिथं जाऊ तिथलं खायचं. कांदा-लसूण मसाला घ्यायचा नाही, शेंगदाण्याची चटणी घ्यायची नाही. हे लगेच "बरं" म्हणाले. पंचवीस वर्षांत हे कुठल्याच गोष्टीला लगेच बरं म्हणालेले नाहीत, तेव्हाच मला शंका आली होती.

कलकत्त्यात भारतातली सगळ्यात जुनी मेट्रो आहे, १९८४ ची. पण ह्यांना बघायची होती ती नवी, हुगळी नदीखालून जाणारी. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा दोन दिवस त्याच बोगद्याचे व्हिडिओ चालले होते म्हणे. तर आम्ही एका मेट्रो स्टेशनात शिरलो, बॅग मशीनमध्ये टाकली, आणि पट्टा थांबला. मशीनवरचा पोलीस पडद्याकडं बघतोय, मग आमच्याकडं बघतोय. "बॅग खोलिये."

बॅगेतून ह्यांची दाढीची पिशवी निघाली. त्यातून ब्रश, क्रीम आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वर रबर लावलेली एक पुडी. पुडीत लालभडक भुकटी, चांगली पावशेर असेल.

"ये क्या है?"

"मसाला है साब. खाने का."

"खाने का मसाला शेविंग की थैली में क्यों रखा है?"

ह्यांनी काय करावं? हात लांब करून माझ्याकडं बोट दाखवलं. "इनसे छुपाने के लिए."

मागं रांग लागली होती. कॉलेजची पोरं, ऑफिसला निघालेले बाबू, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. जणू मी ह्यांना पंचवीस वर्षं उपाशी ठेवलंय. पोलिसानं पुडीला नाक लावलं आणि तो जो शिंकायला लागला तो थांबेचना. दुसरा पोलीस धावत आला. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "खूब झाल!" म्हणजे जाम तिखट. "कहाँ से आये?" हे छाती काढून म्हणाले, "कोल्हापूर." त्या दोघांनी कागदाच्या एका तुकड्यावर आपल्या डब्यापुरता मसाला काढून घेतला आणि आम्हाला सोडलं. इतकी इज्जत ह्यांना उद्यमनगरात कुणी देत नाही.

गाडीत बसलो आणि मी सुरू झाले. कधी घेतला, कुठून घेतला, सासूबाईंनी दिला का, लेकाला माहीत होतं का. हे खिडकीकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होते, मी ऐकतेय कशाला! मध्येच बोगद्यात निळे दिवे लागले आणि गेले. हावडा स्टेशन आलं. "झाली नदी," हे म्हणाले. नदीखालचा टप्पा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा, पाऊण मिनिटात संपतो. तो अख्खा मी भांडण्यात घालवला. मग काय, त्याच गाडीच्या मार्गानं उलट जायचं आणि परत यायचं. टूरच्या बसला सांगून बघा, आमचं भांडण चालू होतं, जरा गाडी परत फिरवा म्हणून!

हावडा ब्रिजवर मात्र मला फार शिकवलं गेलं. १९४३ साली सुरू झालेला पूल, साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि अख्ख्या पुलात एक नट-बोल्ट नाही, सगळं रिव्हेटवर. बाकीची माणसं पुलावरून पळत होती, डोक्यावर केवढाल्या टोपल्या घेतलेले हमाल "साइड, साइड" ओरडत होते, आणि आमचे हे एका खांबाला हात लावून उभे. "बघ, एकेक रिव्हेट तापवून ठोकलाय." मी म्हटलं, अहो आज लग्नाचा वाढदिवस आहे. तर म्हणाले, "तेच तर सांगतोय, नट-बोल्ट नाही म्हणून टिकलाय." याला आमच्याकडं प्रेमाचं बोलणं म्हणतात.

तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक म्हातारे बंगाली गृहस्थ, निवृत्त इंजिनियर निघाले, ह्यांना हिंदीतून आणखी एक गोष्ट सांगून गेले. पान-गुटखा खाऊन लोक या खांबांच्या बुंध्याशी इतके थुंकले की तिथले संरक्षक पत्रे सहा मिलिमीटरचे तीनवर आले, मग फायबर ग्लासची आवरणं बसवावी लागली. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस हा, तीन मिलिमीटर ऐकून हबकलाच. आणि त्याच क्षणी ह्यांच्या गालात तंबाखूचा बार होता. पुलावर थुंकायची सोय उरली नाही. पूल संपेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. त्या काकांना मी कधीही जेवायला बोलावीन.

दुपारी कुमारटुलीला गेलो, दुर्गेच्या मूर्ती करतात ती गल्ली. गवताच्या पेंढ्या सुतळीनं आवळून देवीचा सांगाडा करतात, वर गंगेच्या मातीचे थर. आपल्याकडं गंगावेशीत किंवा शाहूपुरीत कुंभारांकडं गणपती होताना बघितलेत, पण दहा हातांचा नुसता गवताचा देह भिंतीला टेकून उभा असलेला बघितला की माणूस गप्प होतो. हे एका कारागिरापाशी बसले. त्याला हिंदी यथातथा, ह्यांचं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं. तरी दोघं हातवारे करत, काठीनं जमिनीवर रेघा ओढत, आतल्या काठ्या वजन कसं पेलतात यावर तासभर बोलले. मी शेजारच्या पायरीवर बसून मातीच्या कुल्हडातला चहा प्यायले. पहिला संपला, दुसरा मागवला. टूरवाल्यांच्या कागदावर या गल्लीला किती वेळ असतो, जाऊबाईंना विचारून घ्या.

रात्री पार्क स्ट्रीटवर जेवायला गेलो. बिर्याणी आली, तिच्यात अख्खा बटाटा. ह्यांनी चमच्यानं तो उलटून बघितला. "हे काय? श्रावण आहे का?" लखनौचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये गादी गेल्यावर कलकत्त्याला मटियाबुर्जात येऊन राहिले, त्यांच्या खानसाम्यांपासून हा बटाटा बिर्याणीत आला असं तिथले लोक सांगतात. वेटरनं हे सगळं सांगेपर्यंत ह्यांचा बटाटा संपला होता आणि डोळा माझ्या ताटातल्यावर होता. मी दिला नाही. डाळ गोड होती, तिच्यात खोबऱ्याचे तुकडे, मला आवडली. ह्यांनी तोंड वाकडं केलं. मसाल्याची पुडी मी जप्त करून लॉजच्या स्वयंपाक्याला देऊन टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्ट्याला आम्लेट आलं ते लालेलाल. हे दोन खाऊन उठले, माझ्याकडं न बघता.

आता फसण्याचं. फसलो का? एका टॅक्सीवाल्यानं आम्हाला उगाच लांबून फिरवलं, पैसे जास्त घेतले. झालं समाधान? कोल्हापुरात परत आल्यावर हीच एक गोष्ट ह्यांनी जाऊबाईंपुढं सांगितली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तेच: "टूरनं गेला असता तर टॅक्सीवाल्यानं लुबाडलं नसतं." अहो, टूरवाले आधीच पैसे घेतात म्हणून लुबाडल्यासारखं वाटत नाही, एवढाच फरक आहे. आम्ही त्या टॅक्सीत बसून निदान मैदानाच्या कडेनं जाणारी ट्राम बघितली, ड्रायव्हर बिहारचा होता, त्यानं आपल्या पोरीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. त्याचे पैसे मी आहेरात धरलेत.

तुमचे बाकीचे प्रश्न राहिले. कलकत्त्यालाच जा असं नाही, नवऱ्याला ज्या शहरातला एकही रस्ता माहीत नाही असं कुठलंही चालेल. पण कलकत्त्याला गेलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यात घामानं जीव नकोसा होतो, आणि दुर्गापूजेत जायचं तर खोली फार आधी ठरवून ठेवा. व्हिक्टोरिया मेमोरियलची आतली दालनं सोमवारी बंद असतात. दक्षिणेश्वरचं मंदिर दुपारी बंद होतं, म्हणून सकाळी जा. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेलं, नऊ शिखरांचं, शेजारी बारा शिवमंदिरं. तिथून बोटीनं रामकृष्ण मिशनच्या बेलूर मठाला जाता येतं, ते चुकवू नका. हिंदी सगळीकडं चालतं. मिष्टी दोई, म्हणजे तिथलं गोड दही, मातीच्या भांड्यातलंच घ्या.

एक सांगायचं राहिलं. सासू-सासऱ्यांना किंवा गुडघेदुखी असलेल्या कुणाला बरोबर न्यायचं असेल तर टूरच बरी. व्हीलचेअर, औषधं, वेळेवर जेवण हे सगळं ते नीट बघतात. तुमच्यापैकी कुणाला रात्री-अपरात्री अनोळखी ठिकाणी उतरायची खरंच भीती वाटत असेल तरी टूर घ्या, त्यात काही कमीपणा नाही. हे मी जाऊबाईंपुढं कबूल करणार नाही, तुम्हाला म्हणून सांगितलं.

दिवस किती ते तुमच्या रजेवर. खर्चाचा आकडा मला माहीत नाही. हिशेबाची वही ह्यांच्याकडं असते आणि विचारलं की "तुला टॅक्सीसकट सांगू का टॅक्सी सोडून?" एवढंच म्हणतात.