कारखान्यात मेंटेनन्ससाठी एसएपी हे कंपनीची कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, तरी ब्रेकडाऊन कमी का होत नाहीत?

बहुतेक ठिकाणी घोळ नोंदीत असतो. बिघाड झाला की आधी एम२ नोटिफिकेशन, म्हणजे बिघाडाची नोंद, मग दुरुस्तीची वर्क ऑर्डर, हा एसएपीतला नेहमीचा क्रम. आमच्याकडे पंपाचं बेअरिंग गेलं की फिटर ते बदलून मोकळा व्हायचा आणि शिफ्ट संपताना कारणाच्या रकान्यात 'इतर' टाकायचा. वर्षभराचा इतिहास काढला, तर हाती काहीच लागेना! मग प्रत्येक पंपाला वेगळा इक्विपमेंट नंबर दिला, कारणांचे कोड १० वर आणले. तेव्हा कुठे दिसलं, की बेअरिंग एकाच पंपाचं सारखं जातंय. त्याचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा भाग, तिरकं बसलं होतं.

आणि हो, ग्रीसिंगचा मेंटेनन्स प्लान नुसता बनवून ठेवू नका. एसएपीतल्या आयपी१० या शेड्यूलिंगच्या स्क्रीनमध्ये शेड्यूल केल्याशिवाय त्याची ऑर्डर निघत नाही. तुमचे प्लान आधी तिथे तपासा.